संख्यारेषेवरील धन-ऋण बेरीज

धन आणि ऋण संख्यांच्या बेरजेचा अर्थ संख्यारेषेवर स्पष्ट होतो. तिच्यावर शून्याच्या उजवीकडे धन व डावीकडे ऋण संख्या समान अंतरांवर असतात. पहिल्या संख्येच्या बिंदूपासून दुसरी संख्या धन असेल तर उजवीकडे, ऋण असेल तर डावीकडे तितकी घरे सरकायचे. जेथे थांबू ती बेरीज. (−७) + ४ साठी −७ पासून उजवीकडे चार घरे गेल्यास −३ मिळते. गणितज्ञ ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त (इ.स. ६२८) धन-ऋणाच्या बेरजेचे नियम दिले, तर इंग्रज गणितज्ञ जॉन वॉलिस यांनी १६८५ मध्ये पाच यार्ड पुढे जाऊन आठ यार्ड मागे येणाऱ्या माणसाच्या उदाहरणाने −३ चा अर्थ रेषेवर दाखवला.

मोठ्या संख्यांसाठी रेषा गैरसोयीची, नियम पाठ करणेच बरे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु (−३४७) + २१२ मध्ये घरे मोजावी लागत नाहीत. डावीकडचे अंतर १३५ ने अधिक आहे, म्हणून उत्तर −१३५. भिन्न चिन्हे असता अंतरांची वजाबाकी करून शून्यापासून अधिक दूर असलेल्या संख्येचे चिन्ह देण्याचा नियम याच निरीक्षणातून निघतो. म्हणून शिकवताना आधी रेषा आणि मग नियम, हाच क्रम योग्य होय.