बुजलेला घोडा आणि बुजलेली आजी



माझ्या माहेरच्या देवळात मूळनायक संभवनाथ भगवान. तिसरे तीर्थंकर, लांछन घोडा. लहानपणी दर्शनाला गेले की मूर्तीखालच्या त्या इवल्याशा घोड्याकडे मी टक लावून बघत बसायची. आणि बाहेर आले की कोपऱ्यावरच्या टांग्याला लांबचा वळसा घालून घरी जायची. मी सहा वर्षांची असताना वरातीतल्या फटाक्यांनी आमच्या टांग्याचा घोडा बुजला, टांगा कलंडला आणि आईचा हात मोडला. टांगेवाल्यानं तिथंच, भर रस्त्यात, घोड्याला चाबकानं फोडून काढलं. आईचं कण्हणं आणि चाबकाचा आवाज दोन्ही माझ्या मनात एकत्रच बसले.

पुढं टांगे गेले, रिक्षा आल्या, भीती मात्र राहिली. वाईट याचं की ती माझ्यापाशीच राहिली नाही. लेकीला मी कधी घोड्याजवळ जाऊ दिलं नाही. गेल्या दिवाळीत माथेरानला गेलो. तिथं मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढं सगळीकडे घोडेच घोडे. सात वर्षांची नात एका घोड्याला बघून किंचाळली आणि माझ्या पदरात शिरली. तिला कधी घोड्यानं काही केलं नव्हतं. तिनं फक्त माझा चेहरा पाहिला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरी आल्यावर जावयांनी मोबाइलवर एक जुनं पुस्तक इंग्रजीतून काढून दिलं. अथेन्सचा झेनोफन हा सॉक्रेटिसचा शिष्य आणि लढवय्या. त्यानं आयुष्याच्या उत्तरार्धात, म्हणजे आजपासून सुमारे २,३५० वर्षांपूर्वी, घोड्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. युद्धासाठी घोडा तयार करणारा माणूस हा, त्याच्याकडून मी चाबकाचीच अपेक्षा केली होती. पण तो निराळंच सांगतो. शिंगराला भूक, तहान आणि माश्यांचा त्रास हे एकटेपणात जाणवावं, आणि दाणा, पाणी, त्रासातून सुटका हे माणसाच्या हातून मिळावं. म्हणजे माणूस त्याला हवाहवासा वाटतो. मी कॉमर्सवाली, मला हे खतावणीसारखं दिसलं: माणसाच्या खात्यावर सगळी जमाच पडू द्यायची!

त्याहून मोलाचं पुढं आहे. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर मारून त्याला तिकडं ढकलू नये, असं झेनोफन बजावतो. मारलं तर घोड्याला वाटतं की हे दुखणं त्या वस्तूमुळंच आलं, आणि भीती दुप्पट होते. त्यापेक्षा आपण स्वतः त्या वस्तूला हात लावून दाखवावा आणि घोड्याला हळूहळू जवळ न्यावं. शिवाय रागात असताना घोड्याच्या वाटेला जाऊच नये. हे वाचताना मला आमचा टांगेवाला आठवला. त्या बिचाऱ्या घोड्याला फटाक्यांची भीती होतीच. चाबकानं ती पक्की केली.

सिकंदराची गोष्ट प्लुटार्कनं लिहिली आहे, तीही याच अंगाची. ब्युसेफॅलस कुणालाच पाठीवर बसू देईना. पोरसवदा सिकंदराच्या लक्षात आलं की तो स्वतःच्या सावलीला बुजतो आहे. त्यानं त्याचं तोंड उन्हाकडे वळवलं, सावली मागं गेली, आणि घोडा शांत झाला.

एवढं शहाणपण लिहून ठेवलेलं असताना शेकडो वर्षं जगभर घोडे मारूनच शिकवले गेले. 'घोडा फोडणे' असाच शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ झाला. मग अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ग्रोव्हपोर्ट गावी १८२७ साली एक शेतकऱ्याचा मुलगा जन्मला, जॉन सॉलोमन रॅरी. त्यानं १८५६ मध्ये एक पुस्तिका काढली. तिचं सार असं, की कितीही भयंकर दिसणारी वस्तू घोड्याला हुंगू द्या, नाकानं चाचपू द्या. तिच्यानं दुखत नाही एवढं कळलं की भीती जाते. ढोल असो, छत्री असो, आधी हुंगू द्यायची, मग हळूच वाजवायचा किंवा उघडायची. आणि घोडा हाताळणाऱ्यानं राग आणि भीती दोन्ही घरी ठेवून यावीत.

१८५८ साली तो इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर आपली कला दाखवून आला. पण त्याचं नाव झालं ते क्रूझरमुळं. क्रूझर हा लॉर्ड डॉर्चेस्टर यांचा शर्यतीचा घोडा. माणूस दिसला की अंगावर धावून जायचा, चावायचा, म्हणून त्याच्या तोंडाला लोखंडी मुसकी बांधून त्याला कोंडून ठेवलेलं होतं. रॅरी आत गेला आणि काही तासांत तोच घोडा त्याच्याजवळ शांत उभा राहिला. पुढं त्यानं क्रूझरला आपल्याबरोबर अमेरिकेला नेलं. रॅरी १८६६ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला. घोडा त्याच्यामागं बरीच वर्षं जगला.

इथं एक गोष्ट लपवून ठेवणं मला बरं वाटत नाही. रॅरी अवघड घोड्याचा पुढचा एक पाय दुमडून पट्ट्यानं बांधायचा, मग दुसरा. घोडा झटापट करून थकायचा आणि जमिनीवर बसायचा. त्यानंतर रॅरी त्याला सगळ्या अंगावरून प्रेमानं कुरवाळायचा. चाबूक नव्हता, पण बंधन होतं. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच 'बंध', हे आपण पाठशाळेत शिकलेलो. म्हणून झेनोफन मला जास्त जवळचा वाटतो. तरी लोखंडी मुसकीत जगलेल्या क्रूझरच्या बाजूनं पाहिलं तर रॅरीचे उपकार थोडे नाहीत.

या सगळ्या वाचनात माझ्या डोक्यात एकच गोष्ट उलटीपालटी झाली. मी समजत होते की घोडा मोठा, मी लहान, म्हणून भीती माझी. पण घोडा गवत खाणारा, पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याचे डोळे दोन बाजूंना असतात. अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही, म्हणून तिथून कुणी अचानक आलं की तो दचकतो, लाथ झाडतो. साठ वर्षं मी ज्याला भ्यायले, तो त्या दिवशी माझ्याहून जास्त भ्यालेला होता.

फेब्रुवारीत मी हट्टानं पुन्हा माथेरानला गेले, नातीला घेऊन. घोडेवाल्या दादांना आधीच सांगितलं, "बसायचं नाही, फक्त ओळख करून द्या." ते हसले. एक म्हातारी तपकिरी घोडी पुढं आणली.

"आजी, समोरून नको, खांद्याच्या बाजूनं या. हात खाली ठेवा, तिला हुंगू दे."

त्यांनी गाजर पुढं केलं. गाजर काही मी हातात धरणार नव्हते, पण पुडीत गुळाचा खडा बांधून आणला होता. तळहात सपाट पसरून त्यावर तो ठेवला. हात असा थरथरत होता की खडा एकदा खाली पडला.

"आजी, श्वास सोडा, कोंडून ठेवू नका. तिला कळतं."

मी श्वास सोडला. घोडीनं मान खाली घातली, तिच्या नाकपुड्यांची ऊब बोटांना लागली आणि गूळ कधी गेला ते समजलंसुद्धा नाही. ओठ मात्र मऊ, उन्हात वाळत घातलेल्या मखमलीसारखे. मागं पदर ओढला गेला.

"आजी, चावली?"

"नाही गं."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या कोपराखालून एक छोटा हात पुढं आला, तळवा सपाट पसरलेला, आणि कुजबुज ऐकू आली, "गूळ उरलाय का?"