जाहिरात आणि नवें पत्र

नवें पत्र जन्मास घालणें सोपें, परंतु तें जगविणें अवघड. जळगांव शहरांत आतां सामावलेल्या पिंप्राळ्यांतील एखाद्या तरुणानें स्थानिक वृत्तांचें संकेतस्थळ काढावयाचें ठरविलें, तर त्यास कागद, खिळे किंवा टपालहंशील यांची चिंता नाहीं. परंतु वाचक फुकट वाचणार. मग खर्च कोणीं सोसावयाचा, हा प्रश्न त्यासही चुकत नाहीं. या प्रश्नाचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो.

१७८० सालीं हिकीनें कलकत्त्यास काढलेल्या वृत्तपत्राच्या नांवांतच 'जनरल ॲडव्हर्टायझर' हे शब्द होते. पुढें १८३६ सालीं पॅरिस येथें जिरार्दें यानें 'ला प्रेस' काढून वार्षिक वर्गणी, इतर पत्रांच्या ८० फ्रँकांऐवजीं, ४० फ्रँकच ठेविली. वर्गणी उतरली कीं वाचक वाढतात, आणि वाचक वाढले कीं जाहिरातदार येतात, असें त्याचें गणित होतें. सारांश, जाहिरातदार पत्राचें मोल देत नाहीं. वाचकांपर्यंत पोंचण्याचें मोल देतो.

खानदेशांत याची दुसरी बाजू दिसते. नारायण नरसिंह फडणीस यांचें 'काव्यरत्नावली' हें मासिक जळगांवहून १८८७ पासून १९३५ पर्यंत निघालें. तें केवळ कवितेस वाहिलेलें होतें. केशवसुतांच्या कविता त्यांत प्रसिद्ध झाल्या. कवितेच्या रसिकास कोणता माल विकावा, हें व्यापाऱ्यास उमजणें कठीण. पण म्हणून अशा मासिकाची थोरवी जाहिरातीच्या तराजूंत तोलतां येत नाहीं.

'किर्लोस्कर खबर'चा प्रकार निराळा. किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्याचें हें पत्रक शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० सालीं सुरू केलें. येथें जाहिरातदार आधीं आणि वाचक मागून. तथापि कारखान्याची वार्ता ओलांडून त्यानें उद्योग, शास्त्र व समाजसुधारणा हे विषय हातीं घेतले, आणि 'स्त्री' (१९३०) व 'मनोहर' (१९३४) हीं त्याचीं भावंडें जन्मास आलीं. मालासाठीं निघालेलें पत्रक विचारामुळें टिकलें.

२००३ सालीं गूगलनें 'ॲडसेन्स' योजना काढली. तेव्हांपासून संपादकानें जाहिरातदार शोधावयाची गरजच उरली नाहीं, असें वरवर दिसतें. यंत्रच क्षणांत लिलाव करून जाहिरात लावतें. परंतु थोड्या वाचकांच्या स्थळास त्यांतून मिळणारें उत्पन्नही थोडेंच. उलट जवळच्या सराफास किंवा शिकवणीवर्गाच्या चालकास मुंबईचे लक्षावधि वाचक नकोत, पिंप्राळ्याचे पांचशें हवेत. तेव्हां नव्या संपादकानें आधीं नळाच्या पाण्याची वेळ, केळीचे भाव, आषाढी एकादशीच्या रथाची वार्ता असा गांवाच्या उपयोगाचा मजकूर कांहीं महिने नेमानें द्यावा. मग वाचकांचा खरा आकडा हातीं घेऊन दुकानाची पायरी चढावी. फुगविलेला आकडा एकदां पैसे मिळवून देईल, दुसऱ्यांदा नाहीं.

आणखी एक पथ्य पाळणें अवश्य. पानावरील जागा विकावी, मत विकूं नये. आणि जेथें पैसे घेतले असतील तेथें 'जाहिरात' असें स्पष्ट लिहावें. ज्या दुकानाची जाहिरात, त्याविरुद्धची तक्रार गाळण्याची संवय लागली, कीं गांव तें लवकरच ओळखतें. वाचक दूर गेल्यावर जाहिरातदारासही तेथें राहण्याचें कारण उरत नाहीं.