शिक्का, मोर्तब आणि कमांड लाइन

१७०८ साली साताऱ्यात शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि पुढील चार दशकांत मराठ्यांच्या मोहिमा माळव्यापासून बंगालपर्यंत पोहोचल्या; या विस्ताराचे श्रेय सरदारांच्या तलवारीस जितके, तितकेच रात्रंदिवस बोरू चालविणाऱ्या कारकुनांच्या शिस्तीसही दिले पाहिजे.

सनदेचा दफ्तरातील प्रवास ठरलेला असे. मजकूर मोडीत सिद्ध व्हावा, रकमांची दप्तराशी रुजवात व्हावी, माथ्यावर शिक्का उमटावा आणि मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ किंवा ‘लेखनसीमा’ अशा अक्षरांचे लहानसे मोर्तब पडावे, म्हणजे त्याखाली एक अक्षरही वाढविण्यास कोणास वाव राहू नये. त्यावर ‘सुरू सूद’, ‘बार’ असे त्रोटक शेरे नोंदीची साक्ष देत. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेहून वेगळे होऊन सांगलीस राजधानी केली, तेव्हा त्या संस्थानाचा कारभारही याच मोडी कागदांच्या वहिवाटीने चालला.

त्याच सांगलीत १९४७ साली जे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि पुढे वालचंदांच्या नावाने ख्यात झाले, तेथील आजचा विद्यार्थी काळ्या पडद्यावर हुकूम लिहितो. ही परंपरा न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेची : १९६९ साली केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला आणि १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने एका आज्ञेचे फलित थेट दुसरीच्या हाती देण्याची ‘पाइप’ची सोय झाली. प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक ठेवून जाते : शून्य म्हणजे काम तडीस गेले, अन्य कोणताही अंक म्हणजे कोठे तरी खोटी झाली. साखळी नीट बांधली असेल, तर शून्याचे मोर्तब पडल्यावाचून पुढली पायरी सुरू होत नाही.

२००६ नंतर ॲमेझॉनसारख्या कंपन्यांनी संगणकच भाड्याने देण्यास प्रारंभ केला, आणि दूरच्या क्लाउडमधील कामांची साखळी घरबसल्या चालविण्याची हत्यारे निघाली. त्यांची वहिवाट पुष्कळशी एकसारखीच आहे. पॅकेज मॅनेजरला एक ओळ लिहून हत्यार बसवावे. आवृत्ती विचारून ते जागेवर आहे याची खात्री करावी. लॉगिन करून खात्याची किल्ली त्यास द्यावी. कामांचा क्रम, वेळ आणि बिघाड झाल्यास कितीदा फिरून प्रयत्न करावयाचा, हे एका फाइलीत मांडावे. प्रथम लहानशा नमुन्यावर चालवून पाहावे आणि मग लॉग वाचावा.

यांपैकी किल्लीचे कलम सर्वांत नाजूक, आणि त्याचा धडा साताऱ्याच्याच इतिहासात आहे. १७४९ साली शाहू महाराज निवर्तले. त्यानंतर पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून येत राहिली, कागदांवर छत्रपतींचे नावही झळकत राहिले, परंतु निर्णय पुण्यास होऊ लागले. कागदास शिक्का पुरतो. तो कोणाच्या हाताने उमटला, हे कागद विचारीत नाही. यंत्राचीही रीत तीच. म्हणून ज्या हत्यारास केवळ रात्रीच्या नकला काढावयाच्या आहेत, त्यास नकला काढण्यापुरताच अधिकार असावा, आणि ती किल्ली ठरल्या मुदतीने बदलावी. बसविणे घटकाभराचे काम आहे. अधिकाराची हद्द आखणे हाच खरा कारभार.