जुन्या लाकडी वॉटर स्कीला पॉलिश केलं की किंमत का घसरते?

वेगवान बोटीला बांधलेली दोरी धरून पाण्यावरून घसरत जायचं, हा खेळ म्हणजे वॉटर स्कीइंग. आज पायाखालच्या स्की बहुतेक फायबरग्लास किंवा कार्बन फायबरच्या असतात. १९५० च्या दशकात मात्र त्या लाकडी होत्या. अमेरिकेत आता त्यांचे हौशी संग्राहक आहेत.

सुरुवात कुठून झाली?
मिनेसोटा राज्यातल्या लेक सिटीचा राल्फ सॅम्युएलसन २ जुलै १९२२ रोजी पेपिन तलावावर पहिल्यांदा स्कीवर उभा राहिला. त्याआधी त्याने पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या स्की वापरून पाहिल्या होत्या, पण जमलं नाही. मग त्याने लाकडी फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली. त्याने पेटंट घेतलं नाही. १९२५ मध्ये ते फ्रेड वॉलरने घेतलं. १९३६ मध्ये फ्लोरिडात सायप्रस गार्डन्स हे उद्यान सुरू झालं. पुढे तिथल्या स्की शोंमुळे खेळ घराघरात पोहोचला.

जुनी स्की कशी ओळखायची?
• लाकूड: ॲश, महोगनीसारखं, टोक वर वळलेलं.
• पाय अडकवायची जागा: रबराची, धातूच्या पट्ट्यांनी बसवलेली.
• जादा पट्टा: काही जोड्यांत एका स्कीवर मागे आणखी एक पट्टा असतो. दुसरी स्की सोडून दोन्ही पाय एकीवरच ठेवण्यासाठी तो असे.
• आखूड, रुंद आणि खाली फिन नसलेली स्की: ती कसरतींसाठी.

मग पॉलिश का नको?
स्की कोणत्या कंपनीची आणि साधारण कधीची, हे तिच्यावरच्या छापील नाव-चित्रावरून कळतं. सँडपेपर फिरवला की व्हार्निशसोबत हा पुरावाही जातो. उरते फक्त एक छान दिसणारी फळी. म्हणून संग्राहकांना ओरखडे चालतात, खरवडलेली स्की नको असते.

घरात अशी जोडी असेल तर?
मऊ, कोरड्या कापडाने धूळ पुसा. रबर तडकलं असलं तरी उपटून टाकू नका. भिंतीवर लावायची तर लाकडात भोक न पाडता कंसावर टेकवा. ओल आणि कडक ऊन दोन्ही टाळा, नाहीतर लाकूड वाकतं. आणि दुरुस्तीला देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो नक्की काढून ठेवा.