उंदीर, दूध आणि कमल रणदिवे

घोटी म्हटलं की मुंबई-पुण्या-नाशकातल्या आम्हा आयटीवाल्यांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे कळसूबाईचा फाटा. हायवे सोडायचा, चहा-वडापाव उरकायचा, भाताच्या गिरण्या मागे टाकायच्या आणि बारीचा रस्ता धरायचा. हाच रस्ता पुढे भंडारदरा, राजूर करत अकोल्याला जातो. (अकोले, तालुका. विदर्भातलं अकोला नव्हे! इंग्रजीत दोन्ही सारखंच लिहून ठेवल्यामुळे जालावर हा घोळ सर्रास दिसतो.)

तर या अकोले तालुक्यात १९८९ साली सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. महादेव कोळी, ठाकर यांच्या वाड्या-पाड्यांचा हा मुलूख. समाजसेविका असतील कोणी, असं वाटेल. पण या बाई होत्या डॉ. कमल रणदिवे. भारतातल्या पहिल्यावहिल्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळांपैकी एक त्यांनी मुंबईत उभारली होती, आणि त्यांचं सगळं आयुष्य उंदरांच्या कॅन्सरवर संशोधन करण्यात गेलं होतं. ८ नोव्हेंबर २०२१ ला गूगलने त्यांचं डूडल केलं, तेव्हा दिवसभर सगळीकडे 'पद्मभूषण', 'थोर मराठी शास्त्रज्ञ' वगैरे फिरलं. त्यांनी नेमकं शोधलं काय, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. या विकांताला तेवढंच सांगायचा बेत आहे.

सुरुवात उंदरापासून करावी लागेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत संशोधक सख्ख्या भावाबहिणींचे जोड लावत उंदरांचे 'शुद्ध' वंश तयार करत होते. वीसेक पिढ्या असं केलं की त्या वंशातले सगळे उंदीर जवळपास एकाच मुशीतले निघतात. काही वंशांतल्या बहुतेक माद्यांना स्तनाचा कॅन्सर व्हायचा, तर काहींत तो क्वचितच दिसायचा. म्हणजे रोग आनुवंशिक, प्रश्न मिटला, असं कुणालाही वाटेल. पण १९३३ मध्ये जॅक्सन प्रयोगशाळेतल्या लोकांनी एक विचित्र गोष्ट मांडली. दोन वंशांचा संकर केला, तर पोरींना कॅन्सर होईल की नाही हे आई कुठल्या वंशाची यावर ठरतं. बाप कुठला, याने फारसा फरक पडत नाही. पण गुणसूत्रं तर दोघांकडूनही येतात! मग आईकडून जास्तीचं काय येतं?

जॉन बिटनर या माणसाने अगदी साधा प्रयोग केला. कॅन्सरप्रवण वंशाची पिल्लं जन्मल्या जन्मल्या उचलून दुसऱ्या वंशाच्या आयांच्या कुशीत ठेवली. त्यांच्यातला कॅन्सर एकदम घटला. म्हणजे ते जे काही होतं, ते दुधातून येत होतं. १९३६ साली त्याने हे छापलं. 'विषाणू' हा शब्द त्याने टाळला आणि नुसता 'दुधातला घटक' म्हटलं. कॅन्सर विषाणूमुळे होतो असं म्हणणाऱ्याकडे त्या काळी लोक संशयानेच बघत.

आता मुंबईला येऊ. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांचं काम डॉ. वसंत खानोलकर पाहू लागले. त्यांच्याकडे पीएचडीला आल्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी त्यांची इच्छा. मुलीने १९३९ मध्ये गणितज्ञाशी लग्न केलं आणि १९४३ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एमएस्सी केलं, तेही सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांवर. सीताफळावरून थेट उंदराच्या स्तनग्रंथीवर! आजच्या भाषेत डोमेन चेंज.

त्यांच्या पीएचडीचा विषय मला भलताच आवडतो. कॅन्सरचं प्रमाण कमी-जास्त असलेले उंदरांचे चार वंश घ्यायचे आणि त्यांच्या निरोगी स्तनग्रंथींची रचना ताडून बघायची. निरोगी, हं. गाठ आल्यावर तिचे काप तर सगळेच बघत होते. सिस्टिम क्रॅश झाल्यावर लॉग उघडणारे आपण सगळेच. सगळं सुरळीत चालू असताना लॉग वाचत बसणारा माणूस विरळा. १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळाली.

मग खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे टिश्यू कल्चर शिकायला गेल्या. याच गायच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशी, त्यांना न विचारता, वाढवल्या गेल्या. त्याच हेला पेशी. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवणं हे तेव्हा जवळपास स्वयंपाकघरातलं काम होतं. कोंबडीच्या रक्तातला प्लाझ्मा, गाईच्या गर्भाचा अर्क, बाळाच्या नाळेतल्या रक्ताचा सीरम, असलं सगळं कालवून गाय पेशींना भरवायचा. ही विद्या घेऊन बाई परत आल्या. १९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं होतं (त्याचा आजचा वारस म्हणजे खारघरचं ॲक्ट्रेक). तिथे त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा काढली आणि १९६६ ते १९७० या काळात संस्थेचं संचालकपदही सांभाळलं. कुष्ठरोगाच्या जंतूवरही तिथे काम झालं, त्यातून पुढे लसही निघाली. पण तो वेगळा लेख होईल.

बाईंचा मुख्य धागा एकच होता: वंश, संप्रेरकं आणि विषाणू मिळून स्तनाचा कॅन्सर कसा घडवतात? तिन्हींपैकी एक निवडा, असा हट्ट नाही. आज रेण्वीय पातळीवर जे कळलंय ते बघितलं की हा रोख किती योग्य होता ते पटतं. बिटनरचा घटक हा खरोखरच विषाणू निघाला. तो दुधातून पिल्लाच्या आतड्यात जातो, तिथल्या पांढऱ्या पेशींवर स्वार होतो आणि त्यांच्यासोबत स्तनग्रंथीत पोचतो. तिथे तो आपला जीनोम यजमानाच्या डीएनएत घुसवतो. त्या विषाणूच्या टोकाला एक 'स्विच' असतो, आणि तो दाबतात संप्रेरकं. म्हणजे गर्भारपणात आणि अंगावर पाजताना विषाणू जोमात! तो डीएनएत कुठे घुसतो हेही महत्त्वाचं. १९८२ मध्ये नुसे आणि वार्मस यांना दिसलं की गाठींमध्ये तो पुन्हा पुन्हा एकाच जनुकाच्या शेजारी सापडतो आणि झोपलेल्या त्या जनुकाला जागं करतो. त्या जनुकाचं आजचं नाव विंट-१. हेच जनुक माशीच्या पंखांच्या घडणीतही असतं, आणि त्याच्या साखळीतला बिघाड माणसाच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सापडतो.

आता खरा नाजूक प्रश्न. उंदरात दुधातून कॅन्सर येतो, तर माणसात? मुंबईच्या पारशी समाजात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त, हे परळच्या डॉक्टरांना माहीत होतं. १९७१ मध्ये 'नेचर'मध्ये एक अमेरिकन-मुंबईकर शोधनिबंध आला. त्यात पारशी आयांचं दूध इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं होतं आणि उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळल्याचं म्हटलं होतं. लेखकांमध्ये परळच्याच सत्यवती सिरसाट होत्या. कल्पना करा, ही बातमी घरोघर कशी पोचली असती! ज्या घरात आजीला, मावशीला कॅन्सर झालाय तिथल्या बाळंतिणीने बाळाला पाजायचं की नाही?

पुढे तो विषाणू माणसाच्या कॅन्सरचं कारण आहे असं काही सिद्ध झालं नाही. 'तसाच दिसतो' आणि 'तोच आहे' यांत केवढं अंतर असतं, हे प्रॉडक्शनमधला बग शोधणाऱ्याला वेगळं सांगायला नको :) पारशी बायकांच्या बाबतीत उशिरा लग्न, कमी मुलं ही कारणं जास्त पटण्यासारखी होती. आणि २००२ मध्ये 'लॅन्सेट'ने ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण छापलं. त्यात निघालं की बाईने एकूण जितके महिने अंगावर पाजलं असेल, त्यातल्या दर १२ महिन्यांमागे तिचा स्वतःचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो. उंदराच्या नेमकं उलट! रणदिव्यांचं काम यामुळे खोटं ठरत नाही, उंदरापुरतं ते पक्कंच आहे. पण उंदरावरून माणसावर उडी मारणाऱ्याची कॉलर धरायला ही एक टक्केवारी पुरेशी आहे.

१९७३ मध्ये रणदिव्यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. वाशीच्या तिच्या केंद्रात नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालतं. अकोल्यातलं काम याच वाटेवरचं. 'निवृत्तीनंतरची समाजसेवा' असं त्याचं वर्णन कुठे दिसलं की मला खटकतं. आईकडून मुलाकडे काय जातं, काय जात नाही आणि त्याचं पुढे काय होतं, हाच प्रश्न त्या चाळीस वर्षं परळच्या पिंजऱ्यांमध्ये विचारत होत्या. राजूरकडच्या पाड्यांवर उत्तर बहुधा जनुकात नव्हतं, ते कणगीतल्या भातात आणि पावसाळ्यात बंद पडणाऱ्या रस्त्यात होतं.

११ एप्रिल २००१ ला त्या गेल्या. आता घोटीजवळ धामणगावला मेडिकल कॉलेज आहे, तिथे एमडीचे विद्यार्थी प्रबंधाला विषय शोधत असतात. हायवेपासून अकोल्यापर्यंतचे पाडे त्यांच्या अगदी उशालाच आहेत.