ताग, कोळसा आणि रुपया : १९४९ ची भारत-पाकिस्तान व्यापारकोंडी

फाळणीचा इतिहास आपल्या वर्गांतून बहुधा दंगली व स्थलांतर यांच्या अंगाने शिकविला जातो. तिचे आर्थिक अंग पाठ्यपुस्तकात दोन-चार ओळींत आटोपते. शेजारी देश एकमेकांवर अवलंबून असले की त्यांचे व्यवहार आपोआप टिकतात, या समजाची तपासणी करण्यास मात्र हेच अंग उपयोगी पडते.

रॅडक्लिफ रेषेने शेत एका देशात व गिरणी दुसऱ्या देशात टाकली. अविभाजित हिंदुस्थानातील सुमारे तीन-चतुर्थांश कच्चा ताग पूर्व बंगालमध्ये पिकत असे; शंभराहून अधिक ताग गिरण्या मात्र हुगळीच्या काठी, भारतात. मुंबई-अहमदाबादच्या कापड गिरण्यांनाही सिंध व पश्चिम पंजाबचा लांब धाग्याचा कापूस लागे. उलट पाकिस्तानला कोळसा, कापड व पोलाद भारतातून हवे होते. तागाच्या निर्यात जकातीवरून वाद लवकरच उद्भवला आणि १ मार्च १९४८ पासून जकातीपुरते दोन्ही देश एकमेकांना परके ठरले.

खरी कोंडी सप्टेंबर १९४९ मध्ये झाली. ब्रिटनने पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणली. भारताने आपल्या रुपयाचे तितकेच अवमूल्यन केले. पाकिस्तानने केले नाही. परिणामी १०० पाकिस्तानी रुपयांस सुमारे १४४ भारतीय रुपये पडू लागले. तागाला पर्याय नाही, मग तो स्वस्त का विकावा, शिवाय यंत्रसामग्री स्वस्तात मिळेल, हा कराचीचा हिशेब. गिऱ्हाईक आपणच, तेव्हा पाकिस्तानला नमावेच लागेल, हा दिल्लीचा. दोन्ही हिशेब अर्धेच खरे होते, असे आम्हास वाटते. भारताने नवा दर मान्य केला नाही. व्यापार जवळजवळ थांबला. भारतीय गिरण्यांसाठी निघालेला ताग वाटेत अडला आणि डिसेंबरात भारताने कोळसा बंद केला.

झळ पोहोचली ती या निर्णयांत ज्यांना विचारले नव्हते त्यांना. मयमनसिंग, फरीदपूरकडील ताग पिकविणारा शेतकरी, बहुतांशी मुसलमान कूळ, रोख पैशासाठी याच एका पिकावर विसंबून होता. हुगळीकाठचा मजूर गिरणीच्या पाळ्यांवर. पाकिस्तानने ताग मंडळ नेमले, आणि तागाच्या खरेदीस पतपुरवठा व्हावा म्हणून नोव्हेंबर १९४९ मध्ये नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान स्थापन झाली. तिचा जन्म या कोंडीतून झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

एप्रिल १९५० मध्ये मर्यादित देवघेव सुरू झाली. जूनमध्ये कोरियन युद्ध पेटले, तागाचे भाव कडाडले व पाकिस्तानचे पारडे जड झाले. फेब्रुवारी १९५१ च्या करारात भारताने पाकिस्तानी रुपयाचा दर स्वीकारला. (पुढे जुलै १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केले, म्हणजे ज्या दरासाठी एवढा तंटा झाला तो सहा वर्षेही टिकला नाही.)

करार झाला तरी जुनी घडी बसली नाही. दरम्यान भारताने पश्चिम बंगाल, आसाम, बिहार, ओरिसात ताग वाढविला. त्यातील काही जमीन भाताची होती आणि तीही अन्नटंचाईच्या दिवसांत. पूर्व बंगालमध्ये नारायणगंजला आदमजी ताग गिरणी उभी राहिली. ती पुढे जगातील सर्वांत मोठी ताग गिरणी म्हणून ओळखली गेली आणि बांगलादेशाच्या काळात, २००२ मध्ये, बंद पडली.