‘व्हेक्सेशस’ : कोर्टातले एक विशेषण

इंग्रजीत ‘व्हेक्सेशस’ असे एक विशेषण आहे. कोशात पाहाल तर अर्थ ‘त्रासदायक’ असा सापडेल. पण त्रास तर माशीही देते आणि पायात रुतलेला काटाही. या शब्दाचे खरे बिऱ्हाड आहे कोर्टात.

मूळ लॅटिन. ‘वेक्सारे’ म्हणजे हलवणे, हिसके देणे, त्यावरून छळणे. इंग्रजीत हे विशेषण सोळाव्या शतकापासून दिसते. ज्या दाव्याला बुडखा नाही, केवळ समोरच्याला हेलपाटे घालायला लावावेत म्हणूनच जो लावला, त्याला वकील मंडळी व्हेक्सेशस म्हणतात.

आता गंमत ऐका. लंडनच्या अलेक्झांडर चॅफर्स नावाच्या गृहस्थांनी एकापाठोपाठ ४८ दावे लावले. प्रतिवादी कोण, तर इंग्लंडचे युवराज, कँटरबरीचे आर्चबिशप! अखेर १८९६ साली पार्लमेंटाने कायदाच केला, की अशा सवयीच्या माणसाने कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावू नये.

आपल्याकडे १९२२ साली दिवाणी प्रक्रिया संहितेत ३५-क हे कलम आले. खोट्या किंवा तापदायक दाव्याबद्दल एक हजार रुपयांपर्यंत भरपाई देववण्याची त्यात सोय झाली. मद्रासने १९४९ साली इंग्लंडच्या धर्तीवर कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली तो वैध ठरवला आणि १९७१ साली महाराष्ट्रानेही तसाच कायदा केला.

इथे जरा थांबू या. बांधासाठी भांडणारा एखादा गरीब कुळवाडी कोर्टात हरला, पुन्हा अपिलात गेला, तर गावचे पुढारी म्हणतील, ‘काय कटकट्या माणूस आहे!’ असेल कटकट्या; पण व्हेक्सेशस नव्हे. हरणे हा काही गुन्हा नाही. सवय हवी, आणि दाव्याला वाजवी आधार नसायला हवा. तसा शिक्का मारण्याआधी त्या माणसाचे म्हणणे ऐकावे लागते. पुढेही दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य दिसले, तर परवानगी मिळते. दाराला कडी घातली आहे, भिंत बांधलेली नाही.

मग मराठीत काय म्हणावे? ‘तापदायक’ म्हटले की समोरच्याचे हाल कळतात, लावणाऱ्याची नियत कळत नाही. ‘खोडसाळ’ म्हटले तर नियत कळते. शिक्षकबंधूंनी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहावेत, आणि मुलांना विचारावे, तो बांधवाला कुळवाडी यांपैकी कशात बसतो?